तात्यांच्या लग्नातलं हवामान

आमच्या गल्लीत जुना कागद परस्पर रद्दीत टाकायची कुणाची छाती नाही. आधी तो तात्या सुभेदारांना दाखवावा लागतो. तात्या कपाळावरचा चष्मा खाली ओढतात, कागद वाचतात आणि त्या दिवशी गारठा होता की उकाडा, ते सांगून मोकळे होतात! अहो, खरंच! माझ्या आजोबांच्या बारशाच्या खर्चाचा कागद माळ्यावर सापडला. आम्ही सगळे कौतुकानं आजोबांचं नाव शोधतोय आणि तात्यांचं बोट भलत्याच ओळीवर.

"बाळंतिणीच्या शेगडीला कोळसा पुन्यांदा आणलाय रं! लय गारठा हुता. तुझा आजा कुडकुडतच जगात आला बघ."

फौजेतून निवृत्त होऊन कोरेगावात परतले तेव्हापासून त्यांना हा नाद. लोक कुंड्या लावतात, पत्ते खेळतात. तात्या गेल्या जमान्यातली थंडी शोधतात. त्या काळी गावात तापमान मोजणारं कोण होतं? पण लोक लिहीत होते की! पाणपोई कधी घातली, गुऱ्हाळ कधी पेटलं, आंब्याला मोहर कधी आला. तात्यांना तेवढं बास. "थर्मामीटर नसंना का गड्या, माणूस तर घामाजत हुता!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं त्याहून लाडकं. पारावर एखादा म्हातारा 'आमच्या येळची थंडी' असं सुरू झाला, की तात्या विचारणार, "लेखी हाय का?" म्हातारा तंबाखू मळायला लागतो.

आता लेखी असलं तरी घोटाळा होतोच. देवस्थानच्या जुन्या हिशोबात एका वर्षी घोंगड्यांची दांडगी खरेदी सापडली. झालं! त्या वर्षी काय भयंकर थंडी पडली होती, हे तात्यांनी चहाच्या टपरीपासून तहसील कचेरीपर्यंत सांगून टाकलं. पुढं गुरवानं मागचं पान उलटून दाखवलं. घोंगड्या जत्रेतल्या तमाशाला लोकांच्या बुडाखाली अंथरायला आणल्या होत्या, तेही ऐन वैशाखात! तात्या आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. तेव्हापासून दोन ठिकाणचे कागद जुळल्याशिवाय तोंड उघडत नाहीत.

पण त्यांचं सगळ्यात मोठं संशोधन घरातच अडकलं होतं. त्यांचं लग्न शिमग्याच्या आधी, फलटणला, इंदूकाकूंच्या माहेरी झालं. काकू म्हणायच्या, "लय थंडी हुती. माझा हात नुसता लटलट कापत हुता." आणि तात्या म्हणायचे, "मी कोटात घामानं निथळत हुतो." काकूंचं उत्तर तयार, "कोट हुता म्हणूनच निथळत हुता." हे भांडण आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की गल्लीत दोन पक्ष पडले होते. मी उकाड्याच्या पक्षात.

आणि परवा फलटणहून शौकतभाईंचा फोन आला! त्यांचं पिढीजात सोडा-बर्फाचं दुकान. तात्यांनी त्यांना कधीचं सांगून ठेवलं होतं, आणि वडिलांच्या वेळच्या वह्या आता सापडल्या होत्या. मी माझ्या औषधाच्या दुकानाचं शटर ओढलं, तात्यांना गाडीत घातलं आणि सुसाट निघालो.

शौकतभाईंनी वही समोर ठेवली. तारीख तीच! काकूंच्या वडिलांचं नाव, लग्नाचा मांडव, सकाळी बर्फाच्या लाद्या. दुपारी आणखी लाद्या. शौकतभाई म्हणाले, "आमचा बर्फ शिमग्यानंतरच खपतो. त्याच्या आधी एवढा गेला म्हणजे ऊन मरणाचं असणार." तात्यांच्या पिशवीत त्याच आठवड्यातला, तिथल्याच शाळेचा शेराही होता: उन्हामुळे शाळा सकाळची केली. दोन ठिकाणचे कागद जुळले! मी आनंदानं टेबलावर थाप मारली. "तात्या, जिंकलात!"

तात्यांनी हळूच वही मिटली. शौकतभाईंनी हातात दिलेला सोडाही प्यायले नाहीत.

वाठार स्टेशनजवळ रसवंतीवर थांबलो, तेव्हा कुठं बोलले. "मला हरायचं हुतं रं."

मी तोंडाला लावलेला रसाचा पेला खाली ठेवला.

"थंडी निघावी म्हणून शोधत हुतो एवढी वर्षं. तिचा हात लय कापत हुता गड्या. थंडी नव्हती, मग कशानं? मनाविरुद्ध दिली आसंल तिला. मी असा काळा, मिशाळ, फौजेतला. तिला कुणी इचारलं हुतं?"

तात्यांना कायम ऐटीत मिशा पिळताना बघितलेलं. हा माणूस मनात एवढं घेऊन हिंडत होता, याचा आम्हाला गंधही नव्हता. फार वाईट वाटलं मला.

तात्यांच्या घरी आलो. काकू ओट्यावर पावटा सोलत होत्या. आमचे चेहरे बघून म्हणाल्या, "काय वो, पुन्हा घोंगड्या निघाल्या व्हय?" आणि मला काही पोटात ठेवता येत नाही. मी सगळं सांगून टाकलं. बर्फ, शाळा, रसवंतीवरचं बोलणंसुद्धा. तात्या डोळे वटारत राहिले, पण मी थांबलो नाही.

काकूंनी सूप बाजूला ठेवलं.

"ऊनच हुतं," त्या म्हणाल्या. "अंगाची काहिली हुत हुती."

"मग थंडी का म्हणत आलीस?" तात्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"आवं, चौथ्या दिवशी तुमी सरहद्दीवर निघणार हुता. हात हातात घेतला आन् वाटलं, ह्यो माणूस माघारी आला न्हाई तर? त्येचं भ्या वाटलं. तुमचं न्हाई."

"सांगायचं न्हाई व्हय मला?"

"सांगितलं आसतं, तर तुमी तिथं बंदूक धरून उभं ऱ्हायला आसता?"

तात्या खाली वाकून ओट्यावर काकूंशेजारी बसले आणि सुपातल्या शेंगा सोलायला लागले. त्यांना त्या धड सोलता येत नव्हत्या, दाणे रस्त्यावर उडत होते. काकूंनी सूप आणखी त्यांच्याकडे सरकवलं. मी गाडीची किल्ली घेतली आणि घरी गेलो.