ठवकर काकांचं फोडलेलं माप

आमच्या ऑफिसातले ठवकर काका कम्प्युटरवर भिंतीचं माप टाकतात आणि टाकल्या टाकल्या ते फोडतात.

फोडतात म्हणजे खरोखर फोडतात. नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये माप हे एक कुटुंब असतं. दोन बाण, मधली रेघ आणि वरचा आकडा असे सगळे एकत्र भिंतीला बांधलेले असतात. भिंत सरकली की आकडा आपला आपण बदलतो. काका एक आज्ञा देतात आणि या कुटुंबाची वाटणी करून टाकतात. मग भिंत खुशाल रस्त्यावर जाऊन उभी राहिली तरी आकडा ढिम्म हलत नाही.

"आता कसं," काका खुर्चीत मागे टेकून म्हणतात, "गुमान बसून राहीन हा आकडा."

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. त्यामुळे प्रताप नगरातल्या या आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा इथल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडून काहीतरी शिकायचं, असं मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. नशिबानं जागा मिळाली ती ठवकर काकांच्या शेजारी. पहिल्याच आठवड्यात मी पुष्कळ शिकले. काकांच्या माउसला हात लावायचा नाही. त्यांच्या डोक्यावरचा एसी वाढवायचा नाही. आणि सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन हे जगाच्या सोयीसाठी नसून खास ठवकर काकांना छळण्यासाठी काढलेलं असतं.

तरी तेव्हा नवीन व्हर्जन यायचं होतं.

जुन्यात प्रत्येक मापाला वेगळी आज्ञा होती. सरळ रेघेला एक, तिरप्या रेघेला दुसरी, गोलाईला तिसरी. काका डाव्या हातानं, न बघता, तबलजीच्या रुबाबात त्या टाइप करायचे. नव्यात सगळ्यांची मिळून एकच आज्ञा झाली. माउस नुसता रेघेजवळ न्यायचा, की तुम्हाला काय मोजायचंय हे मशीन स्वतः ओळखतं आणि क्लिक करायच्या आधीच माप दाखवतं. बाकी ऑफिसला हे फार आवडलं. काकांना मात्र कुणी परवानगी न घेता घरात शिरावं तसं वाटलं.

"मी विचारलं का याले?" ते स्क्रीनकडे बोट करून ओरडले. "मी फक्त रेघेजवळून जाऊन राहिलो होतो, अन् हा माप घेऊन हजर!"

"काका, ते नुसतं सुचवतं. नको असेल तर पुढे जायचं."

"सुचवते म्हणे! माह्या साळ्यासारखं. कोणी मागत नाही, अन् सल्ला तयार."

त्यावर काकांनी शोधलेला उपाय असा, की माउस रेघांच्या जवळ न्यायचाच नाही. दारात कुत्रं झोपलेलं असलेल्या घरावरून आपण जातो, तसे ते नकाशाच्या कडेकडेनं, श्वास रोखून जायचे. मग नव्यातही चालणाऱ्या जुन्या आज्ञांनी माप टाकायचे, फोडायचे आणि विजयी चेहऱ्यानं सुपारी कातरायचे. मी एकदा भीत भीत विचारलं, "काका, पण फोडायचं कशाला?"

"काहून म्हणजे? आपण एकदा लिहिलं का ते बदललं नाही पाह्यजे. मशीनले कायची घाई आहे बदलायची?"

हे तत्त्वज्ञान सक्करदऱ्याच्या एका घरापर्यंत छान चाललं. त्या मालकानं बेडरूमची भिंत थोडी आत घ्यायला सांगितली. काकांनी नकाशात भिंत आत घेतली. आकडा अर्थातच फोडलेला, त्यामुळे तो आपल्या जुन्या मतावर ठाम राहिला. मिस्त्रीनं आकडा वाचला आणि इमानदारीनं भिंत जुन्याच जागी बांधली. या खेपेला फोडावी लागली ती भिंत.

मॅडमनी, म्हणजे आमच्या आर्किटेक्टनी, आवाजही चढवला नाही. "काका, सोमवारपर्यंत नवीन पद्धत शिकून घ्या. मी स्वतः बघणार. नाहीतर यापुढे नकाशा नाही, तुम्ही प्रिंट आणि फायली सांभाळा."

ड्रॉइंग बोर्ड आणि पेन्सिलच्या काळापासून नकाशे काढणारा माणूस त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नुसती सुपारी कातरत बसला. निघताना वॉटर कूलरकडे बघत, जणू त्यालाच विचारावं तसं म्हणाले, "मले शिकवशीन का वं? इथं नको. सारे पाहून राहतात. रविवारी घरी ये."

हा मान ऑफिसात आजवर कुणाला मिळाला नव्हता. मी गेले.

काकांचं घर हुडकेश्वरला, दोन खोल्यांचं. कम्प्युटरसमोर एकच खुर्ची होती, तिच्यात काका. दुसरी भिंतीला टेकून होती. काका सॉफ्टवेअर सुरू करत होते, तोवर मी ती ओढून त्यांच्या शेजारी घेतली आणि बसले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू चहा घेऊन भराभर आल्या आणि सरळ खुर्चीवर आदळल्या. कप खाली, चहा फरशीवर.

मी उठेपर्यंत काका जमिनीवर बसून त्यांचा पाय चाचपत होते. "लागलं का? भाजलं का? कुठं?"

"काही नाही झालं. खुर्ची हलली वाटते," काकू हसून म्हणाल्या. त्या हसल्या माझ्याकडे बघून, पण नजर माझ्या बाजूच्या भिंतीवर होती.

"शुगरनं डोळे गेले तिचे," काका खालूनच म्हणाले.

मग मला दिसलं. खाटेचे पाय फरशीला पट्ट्या ठोकून बसवले होते. टेबलाचेही. पाण्याचा माठ, चपलांचा खण, पायपुसणं, सगळं जिथल्या तिथे.

"हे सकाळी मापाचा टेप घेऊन साऱ्या घरात फिरतात," काकू म्हणाल्या. "मी पडीन म्हणून. मी काय पडते? पण कोणी आलं का यांचा जीव वरखाली होते. म्हणून कोणी येत पण नाही आता."

"तू जाय, दुसरा चहा ठेव," काका म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता, "चाल, शिकव."

मी स्क्रीनवर तीच खोली काढली. खाट, टेबल आणि ती खुर्ची. काकांना माउस जवळ न्यायला सांगितला. माप न मागता आलं. या खेपेला काकांनी माउस मागे घेतला नाही. मी खुर्ची सरकवली, आकडा बदलला. सवयीनं त्यांचा हात फोडायच्या आज्ञेकडे गेला आणि कीबोर्डवरच थांबला.

"अजून सरकव."

मी सरकवली. आकडा बदलला.

"म्हणजे हललं का सांगते हे?"

"हो काका. लगेच."

काका उठले, टेपनं खऱ्या खुर्चीचं अंतर मोजलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "ऐकलं का? खुर्ची आता टेबलाजवळ आहे. खाटेपासून तीन फूट!"

"तीन का? बरं."

काकू दुसरा चहा घेऊन आल्या, खुर्चीच्या पाठीला एकदा हात लावला आणि वळसा घालून कप माझ्या हातात दिला.

दुपारपर्यंत काकांना नवीन पद्धत चांगली आली. गोलाई, तिरप्या रेघा, सगळं. मॅडमनी काहीही विचारलं असतं तरी अडले नसते. आता मी शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. निघताना मी खुर्ची उचलून परत भिंतीला लावू लागले.

"राहू दे तिथंच," काका म्हणाले.

"काकू अडखळतील ना."

"तिले सांगितलं आता. अन् पुढच्या रविवारी तू बसशीन कुठं?"