पाशिंजरचं पथ्य

लोटन नाना माशाला खायला घालण्याआधी शिट्टी वाजवतात. तोंडानं नाही. रेल्वेच्या गार्डाची, दोरीत ओवलेली, खरी शिट्टी. सकाळी नऊला एक लांब, संध्याकाळी पाचला एक लांब. त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले त्या पहिल्या दिवशी मी पोळ्या लाटत होते. शिट्टी ऐकून हातातलं लाटणं खाली पडलं. बाहेर येऊन बघते तर नाना काचेच्या मोठ्या टाकीसमोर ताठ उभे, आणि टाकीतला एक नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा, बोटाएवढा मासा काचेला येऊन टेकलेला.

"राइट टाइम," नाना म्हणाले. "अक्का, हा पाशिंजर. कोपऱ्याकोपऱ्याला थांबतो म्हणून पाशिंजर. याला एक्सप्रेस करायला गेलो, पण जमलं नाही."

मी नानांपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, तरी ते मला अक्का म्हणतात. मी त्यांच्या पलीकडच्या गल्लीत राहते. माझा माणूस गेल्यापासून एकटीच. नाना भुसावळला गार्ड होते, जन्मभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात. आता म्हणे गार्डाला मॅनेजर म्हणतात. ते कुणी त्यांच्यासमोर बोललं की त्यांना राग येतो. "मॅनेजर खुर्चीत बसतो. गार्ड मागे बघतो," असं म्हणतात. ड्रायव्हरनं पुढे बघायचं, गार्डानं मागे बघायचं, काही सुटलं का, काही तुटलं का, धूर येतो का. हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा तरी ऐकलंय. आंबा खाताना ऐकलंय, गॅसचा सिलिंडर बदलताना ऐकलंय.

मासा नानांचा नाही. रेल्वे कॉलनीत एक साहेब होते, त्यांची लांब बदली झाली. टाकी गाडीत जाईना. "नाना, आठ दिवस सांभाळा, माणूस पाठवतो," म्हणाले. माणूस अजून यायचाय. टाकीत तेव्हा दोन मासे होते, जोडी. पाणी समुद्राचं, म्हणजे जारचं गोड पाणी आणून त्यात पाकिटातलं खास मीठ मिसळून केलेलं. नाना स्वतः नळाचं पितात. माशाला जारचं. उन्हाळ्यात कूलरचं तोंड टाकीकडे, आणि नाना मागच्या खोलीत पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेले. त्यांची मुलगी सुरतला आहे. ती फोनवर सांगते, बाबा इकडे या. नाना म्हणतात, "दुसऱ्याची ठेव आहे, पोरी. टाकून कसा येऊ?"

आणखी एक. माणसांशी नाना शुद्ध बोलतात, पोस्टातल्या साहेबासारखं. माशाशी मात्र अहिराणी. "कसं काय शे, पाशिंजर? बठ्ठं खाई टाक बरं." मी सावद्याकडची, मला त्यातलं अर्धं कळतं, बठ्ठं म्हणजे सगळं, एवढं. आधी वाटलं, गंमत करतात. मग लक्षात आलं की ते धुळ्याकडचे आणि त्यांच्या इंदूबाईही तिकडच्याच. घरात दोघं अहिराणीच बोलायची. इंदूबाई जाऊन तीन वर्षं झाली. ती भाषा बोलायला घरात दुसरं कोण होतं?

जेवणाचं सांगायचं तर नानांना बीपी आहे. डॉक्टरनं मीठ कमी सांगितलंय. नाना ताटात डावीकडे मिठाची वेगळी ढिगली घेतात, शिवाय लोणचं, शिवाय ठेचा, शिवाय नागलीचे दोन पापड. पापडाशिवाय त्यांचं ताट हलत नाही. मी एकदा मीठ जरा हात राखून टाकलं, तर पहिल्या घासाला म्हणाले, "अक्का, आळणी खाण्यापेक्षा माणसानं उपास करावा." मी वाटीत मीठ वाढलं. मला उलट बोलता येत नाही. चौथीपर्यंत शाळेत होते तेव्हाही येत नव्हतं.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला जोडीतली मादी मेली. म्हातारी झाली होती. पाशिंजर आठ दिवस एकाच कोपऱ्यात उभा राहिला. शिट्टीला यायचा, पण खाऊन लगेच परत तिथेच. नियमानं चालणारे नाना त्या आठ दिवसांत जळगावला तीन फेऱ्या मारून आले. तिथे सलीमभाईंचं माशांचं दुकान आहे. चौथ्या फेरीला पिशवीत एक नवी मादी आली.

सलीमभाईंनी बजावलं होतं, "नाना, नवा मासा महिनाभर वेगळा ठेवायचा. त्याच्या अंगावर काही असलं तर तिथेच कळतं." नानांनी मान डोलावली होती. घरी येऊन वेगळं भांडं भरलं, मादी त्यात सोडली, भांडं टाकीशेजारी ठेवलं. अर्धा तास बघत बसले. पाशिंजर काचेच्या या बाजूला, ती त्या बाजूला.

"अक्का, महिनाभर असं ठेवायचं? नवराबायकोला?"

मी कणीक मळायला आत गेले. संध्याकाळी पाचच्या शिट्टीला बघते तर दोघं एकाच टाकीत.

नवी मादी पाच दिवसांत मेली. आणि सातव्या दिवशी सकाळी नऊची शिट्टी झाली, तर पाशिंजर आला नाही. नानांनी पुन्हा वाजवली. नोकरीत त्यांनी कधी दुसऱ्यांदा शिट्टी वाजवली नसेल. मी टाकीत वाकून बघितलं. मासा दगडाला अंग घासत होता आणि अंगभर पांढरे बारीक कण होते, मीठ भुरभुरल्यासारखे.

"नाना, मीठ चिकटलंय का?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. "मीठ नाही," एवढंच म्हणाले आणि स्टुलावर बसले.

दुपारी त्यांनी फोनवर सलीमभाईंना मासा दाखवला. सलीमभाई म्हणाले, "किडा आहे, नाना. नवीन माशाबरोबर आला. अंगात घुसतो, मांस खातो, मग गळून खाली पडतो. खाली एकाचे शेकडो होतात आणि परत चढतात. कल्ल्यांत गेला की मासा श्वास घेऊ शकत नाही."

"औषध?"

"तांब्याचं औषध आहे, पण ते मापात चुकलं तर मासाच जातो. तुमची नजर कमी. तुम्ही मीठ उतरवा. मासा वेगळ्या टबात घ्या आणि दोन दिवसांत हळूहळू मीठ मोजायच्या नळीवरचा आकडा चोवीसवरून नऊवर आणा. कमी मिठात मासा तग धरतो, किडा धरत नाही. पण आकडा वर गेला तर पहिल्यापासून सुरुवात. महिनाभर तरी. मोठी टाकी दोन महिने रिकामी ठेवा, किड्यांना खायला कोणी मिळालं नाही की मरतील."

"वाचेल ना?"

सलीमभाई म्हणाले, "नाना, तुम्ही ऐकलं असतं तर विचारावं लागलं नसतं."

असं नानांना कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. नाना म्हणाले, "बरोबर आहे."

आमच्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या, अंगावर फोड म्हणजे बाया, देवी-कांजिण्यांच्या, आल्या असतील, कडुनिंब ठेव. मी दुसऱ्या दिवशी जाताना डहाळी नेली आणि पाशिंजरला हलवलं होतं त्या निळ्या टबाच्या झाकणावर ठेवली, नानांचं लक्ष नसताना. त्यांनी ती पाहिली. मला वाटलं, आता बोलणी बसतात. "राहू द्या," ते म्हणाले. "सिग्नलचा हात पडल्यासारखं दिसतं, गाडीला वाट मिळाल्यासारखं. पण पाण्यात पडू देऊ नका."

टबात पाशिंजरला लपायला पाइपचा एक तुकडा टाकला होता. मीठ मोजायची काचेची नळी होती, पाण्यात उभी राहते, तिच्यावर बारीक आकडे. नानांना ते दिसेनात. भिंग घेऊनही जमेना. मग मला म्हणाले, "अक्का, वाचा बरं जरा." मी हात पुसून वाकले. मोठ्यांदा वाचायचं म्हणजे शाळेत उभं केल्यासारखं. पण आकडे येतात मला. "एकवीस," म्हटलं. संध्याकाळी "अठरा". दुसऱ्या दिवशी पाचला "नऊ". नाना शिट्टी न वाजवता हळूच म्हणाले, "लाइन क्लिअर."

शिट्टी त्यांनी खिळ्याला टांगली होती. आजाऱ्याला शिट्टी मारून उठवायचं नसतं, म्हणाले. मोठ्या रिकाम्या टाकीचा दिवा मात्र रोज वेळेवर लावायचे, वेळेवर मालवायचे. "रिकामी गाडीसुद्धा वेळेवरच चालते."

आकडा नऊवर आला त्याच संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं, "अक्का, उद्यापासून माझं आळणी करा. पापड नको, लोणचं नको."

मला वाटलं, डॉक्टरनं घाबरवलं असेल. मी तसंच करू लागले. बिनमिठाचं वरण, बिनमिठाची गिलक्याची भाजी, बिनमिठाची भाकरी. नाना डोळे मिटून गिळायचे. पापडाच्या जागी ताटात तेवढी जागा मोकळी राहायची. ठरल्याप्रमाणे माझाही डबा त्याच स्वयंपाकातून भरायचा असे. मी तो घरी नेऊन जेवायचे. घरी मिठाची बरणी हाताशी असते. मी ती उघडत नव्हते. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

दहाव्या दिवशी घात होणार होता. ऊन असं की खिडकीची सळी हाताला चटका देत होती. सकाळपासून टबातलं पाणी चार बोटं खाली गेलेलं. मी नळी सोडली, तर आकडा बारा.

नाना पांढरे पडले. "बारा कसा? मी मीठ टाकलंच नाही." आणि कोपऱ्यातली बादली उचलली. त्यात नऊच्या मापाचं पाणी बनवून ठेवलेलं होतं. ते ओतायला वाकले.

मला माहीत होतं काय झालंय. पण तोंडातून शब्द निघेना. त्यांची बादली कलली तेव्हा मी म्हणाले, "नाना, त्यात मीठ आहे."

"नऊचंच आहे, अक्का."

"वरण उकळून आटलं की खारट होतं. पाणी उडून जातं, मीठ खालीच राहतं. मग आपण वर मिठाचं पाणी घालतो का? साधं घालतो."

एवढं सलग मी त्या घरात कधी बोलले नव्हते. नानांनी कललेली बादली सरळ केली. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि जारमधलं साधं पाणी तांब्यानं, थेंब थेंब म्हणावं असं, टबात सोडलं. तासाभरानं मी नळी पाहिली. नऊ.

"तुम्ही ड्रायव्हर व्हायला पाहिजे होतं," नाना म्हणाले.

मग टबापाशीच खाली बसले. पाशिंजर पाइपातून तोंड काढून बघत होता. अंगावरचे कण विरळ झालेले. नाना त्याला म्हणाले, "मी बी तेच खाई ऱ्हायनू रे भो. तू एकला नई."

तेवढं मला कळलं: मासा कमी मिठात, म्हणून नानाही आळणी ताटावर. मी पदराला हात पुसत उभी होते. निघून जावं की थांबावं, समजेना. नाना माझ्याकडे न बघता बोलू लागले, आणि या वेळी पोस्टातल्या साहेबासारखं नाही.

"इंदूला शेवटच्या वर्षी किडनीचं होतं. तिला बिनमिठाचं. ती दोन भाज्या करायची, माझी वेगळी, तिची वेगळी. मी तिच्यासमोर बसून पापड खायचो. आवाज किती होतो पापडाचा, अक्का. तिला माझी भाजी चाखता यायची नाही, मग अंदाजानं मीठ टाकायची आणि विचारायची, कसं झालंय? मी रोज म्हणायचो, कमी पडलं. खरंच कमी असायचं. मी खोटं नाही बोललो."

त्यांनी टबाच्या कडेवरचं पाणी बोटानं पुसलं.

"मागे बघायची नोकरी केली," नाना म्हणाले. "समोर ताट होतं, तिकडे बघितलं नाही."

मी घरी आले. त्या दिवशी डबा उघडायला उशीर केला.

पुढचं मग ठीक झालं. दोन आठवड्यांत कण गेले, तरी सलीमभाईंनी सोडलं नाही, अजून थांबा, अजून थांबा. नंतर मीठ चढवायचं, तेही आठवडाभर घेऊन. मी रोज आकडा वाचायचे, आता आवाजही जरा मोठा झाला होता. दोन महिने भरले तेव्हा नानांनी पाशिंजरला वाटीनं उचलून मोठ्या टाकीत सोडलं. खिळ्यावरची शिट्टी काढली, सदऱ्याला पुसली. वाजवायच्या आधी मला विचारलं, "येईल का?"

"वाजवा," मी म्हटलं.

एक लांब. मासा दगडामागून निघाला, पहिल्या कोपऱ्यात थांबला, दुसऱ्या कोपऱ्यात थांबला, आणि काचेला येऊन टेकला.

"राइट टाइम," नाना म्हणाले. मग शिट्टी गळ्यात घालून म्हणाले, "अक्का, आज मीठ टाका. आमटी करा. एक पापड भाजा, एकच."

मी आत गेले. डोळे भरून येत होते, आणि शेगडीवरचं सगळं धूसर दिसत होतं. आमटी केली, भाकरी टाकली, पापड भाजला. ताट वाढलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं, "नाना, चाखून बघा. मीठ कसं झालंय?"

त्यांनी भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला. बराच वेळ चावत राहिले. माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे," म्हणाले. "अगदी बरोबर झालंय."

आणि वाटी पुसून खाल्ली, दुसऱ्यांदा मागून घेतली. पापड तेवढा शेवटी, हळू मोडून.

मी डबा घेऊन घरी आले, जेवायला बसले, पहिला घास घेतला. आमटीत मीठ नव्हतंच. दोन महिन्यांत हात बरणीकडे जायचाच विसरला होता.

बरणी समोरच होती. मी तिला हात लावला नाही. आमटी तशीच संपवली.