फटफटीचा बेंदूर

बेंदराच्या सकाळी रहिमतपुरात सगळ्यांच्या दारात बैल सजत होते आणि मानसिंगाच्या दारात फटफटी. लढाईवरून आल्यावर त्यानं बैलजोडी विकून लष्कराच्या लिलावातून ती आणली होती. तेव्हापासून उंब्रजचा सासरा आकाराम त्याच्याशी धड बोलत नव्हता. त्यानं निरोप धाडला होता, "सणाला या. पर फटफटी ढकलत वेशीत आला, तर ती मोडीत घालायची आन् माझी खोंडं मुकाट न्यायची."

"ढकलत? वाळवंटात न्हाई ढकलली मी!" मानसिंग गरजला. साखळीला तेल, चाकात हवा, ब्रेकची तार, पलटणीत शिकवलेलं एकही काम त्यानं सोडलं नाही.

तो पटका बांधायला आत गेला आणि आई साळूबाई ताट घेऊन बाहेर आली. राबणाऱ्याला सणादिवशी उपाशी ठेवणं तिला पटेना. जिथनं पितंय तेच तोंड, म्हणून तिनं पेट्रोलच्या टाकीच्या टोपणावर पुरणपोळी कुस्करून दाबली. मानसिंगानं ती कुरकुरत पुसली खरी. पण टोपणाला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यात गेलेलं पुरण तिथंच राहिलं.

बायको मनुबाई कासोटा आवळून मागं बसली. आळीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

"बगा, पोटभर बगा!" मनुबाई ओरडली आणि फटफटी सुटली.

मसूरच्या अलीकडं ती बंद पडली. मानसिंगानं टोपण उघडून पाहिलं, तेल भरपूर. प्लग घासला, लाथ मारली, सुरू! "काजळी हुती," तो म्हणाला. मसूरच्या पुढं पुन्हा बंद. पुन्हा टोपण उघडून झाकलं, कार्बुरेटर फुंकला, सुरू! "कचरा हुता."

"आवं, टोपण उघडलं की चालू हुतीया," मनुबाई म्हणाली. "रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडलं, तर तेल येतंय का?"

"डबा न्हवं ही! पलटणीची गाडी हाय!" मानसिंगाला भयंकर राग आला. पलटणीत हवालदाराचं ऐकलं होतं तेच पुष्कळ झालं, आता बायकोचंही ऐकायचं?

नेमकी उंब्रजच्या वेशीपुढं फटफटीनं मान टाकली. वेशीत कर बांधलेली होती. पानं खोवलेला तो दोर ज्याचा बैल पहिल्यांदा तोडेल, त्याच्या घराला वर्षभर मान. आकारामाचा बैल त्या दिवशी लंगडत होता, त्यामुळं शेजारी आप्पासो आपला बैल धरून आधीच मिशीला पीळ देत होता.

"या जावाय!" आकाराम खूश होऊन म्हणाला. "ढकला आता!"

"जीव गेला तरी ढकलणार न्हाई!" मानसिंगानं पाना काढला. काय उघडायचं, हे मात्र त्याला सुचेना.

मनुबाई तरातरा खाली उतरली. तिनं टोपण फिरवलं. फुस्स झालं. तिनं ते ओटीत टाकलं आणि मागं बसत म्हणाली, "मारा लाथ! आन् आता थांबाल तर बगा!"

फटफटी गर्जली. मानसिंगानं डोळे मिटले. ती तशीच वेशीत घुसली, कर हँडलच्या दांड्यात अडकून काडकन तुटली आणि आप्पासोचा बिथरलेला बैल तुटक्या दोरावरून मागनं आला.

"मान माझा!" आप्पासो ओरडला. "फटफटी काय बैल हाय व्हय? आकाराम, तूच सांग. सालभर तूच म्हनतुयास, यंत्र ते यंत्र, बैल तो बैल!"

सगळं गाव आकारामाकडं बघू लागलं. त्यानं एकदा आप्पासोच्या मिशीकडं पाहिलं. मग लंगड्या बैलाच्या गळ्यातली माळ काढून त्यानं फटफटीच्या दिव्याला अडकवली.

"कोन म्हनतंय बैल न्हवं?" तो छाती काढून म्हणाला. "माझ्या जावयाचा बैल हाय ह्यो! मान आमच्या घराचा!"

गावानं जल्लोष केला. मानसिंगानं हळूच विचारलं, "मामा, मग ती खोंडं?"

"गप बसा!" आकाराम खेकसला. "एवढा बैल दारात आसताना खोंडं कशाला पायजेत?"