सौ. कमलचा डबा

डब्याच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी 'सौ. कमल' असं कोरलेलं होतं आणि नावाच्या शेवटी दाण्याएवढा पोचा होता. गेल्या पाच आठवड्यांत नलिनी हुपरीकरांनी हे झाकण इतक्या वेळा घासलं होतं, की डोळे मिटूनही तो पोचा त्यांच्या बोटाला सापडला असता.

डबा आला वरच्या मजल्यावरच्या मंगला तगारेंकडून. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी तो शेंगदाण्याची चटणी घेऊन खाली आला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून नलिनीबाईंनी त्यात चार धिरडी घातली. तो ढोकळा घेऊन परतला. ढोकळ्यापुढे धिरडी फिकी पडली, म्हणून कोथिंबीरवड्या झाल्या. त्यावर वरून सुरळीच्या वड्या आल्या. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईंना चढता आलेख लगेच ओळखू आला. तो थांबवायचा कसा, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

त्यातच उजवं मनगट सुजलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि तीन आठवडे स्वयंपाक बंद करायला सांगितला. त्याला दहा दिवस झाले होते. घरी सांगायचं रोज ठरायचं आणि रोज कणीक मळली जायची.

आज डब्यातून पुरणपोळ्या आल्या होत्या.

"आता आपल्याला करंज्याच कराव्या लागणार," यजमान शशिकांत म्हणाले.

"आपल्याला?"

"म्हणजे तुला. नारळ मी आणून देतो की."

"मी म्हणते, एकदा रिकामाच द्यावा."

"त्यांच्या सासूबाईंच्या नावाचा डबा, आणि रिकामा? बरं दिसतं का ते?" त्यांनी दुसरी पोळी उचलली. "तूप जरा पातळ कर गं."

नलिनीबाईंनी तूप पातळ केलं.

नारळ आला, दोन दिवस ओट्यावर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्या डाव्या हाताने खोवायला बसल्या आणि खोबऱ्याबरोबर अंगठाही खरवडला गेला. अंगठ्याला चिंधी गुंडाळून त्यांनी डबा उचलला आणि जिना चढल्या.

दार उघडणाऱ्या मंगलाबाईंच्या कमरेला पट्टा होता.

"मंगलाताई, डबा रिकामा आहे."

मंगलाबाईंनी झाकण उघडून खात्री केली आणि हळूच खुर्चीत टेकल्या. "सुटले बाई. करंज्या आल्या असत्या तर मला अनारसे घालावे लागले असते."

"मग तुम्ही तरी थांबायचं."

"कशी थांबू? तुमच्या सासूबाईंचा डबा, रिकामा कसा पाठवायचा?"

"माझ्या? त्यांचं नाव द्वारका. कमल तुमच्या ना?"

"आमच्या शांता." मंगलाबाईंनी झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं. "कोजागरीला गच्चीवर तुमच्या पिशवीशेजारी राहिला होता हो. मी आपली तुमचा समजून, चटणी घालून पाठवला."

नलिनीबाईंनी झाकण परत लावलं.

"मग आता ठेवायचा कुणी?" नलिनीबाईंनी विचारलं.

"तुम्हीच न्या. मला तो डोळ्यांसमोर नको."

खाली शशिकांत दारातच उभे होते. त्यांनी डबा घेतला, उघडला, तिरपा करून उजेडात धरला.

"अगं, यात काहीच नाही."

"नाही," नलिनीबाई म्हणाल्या. "कोपऱ्यावरची खानावळ सातला उघडते. दोघांची पोळी-भाजी यात बरोबर मावते. आजपासून तीन आठवडे मी स्वयंपाक करणार नाही."