गाढवाचं रक्त आणि वाघाची भावकी

एका जंगलात, बाळांनो, (जंगलाचं नाव सांगत नाही, तिथले लोक फार लवकर दुखावतात) साळूबाई नावाची साळिंदर राहायची. तिला एकच नाद. कुणाचं रक्त कुणाला चालतं ते शोधायचं. सुया अंगावरच्याच, त्यामुळे खर्च काही नाही. पळसाच्या पानावर दोघांच्या रक्ताचा एकेक थेंब टाकायचा आणि काडीने कालवायचं. गुठळ्या झाल्या तर जुळत नाही. पातळ राहिलं तर जुळतं.

शेजारणी म्हणायच्या, "बाई, त्यापेक्षा कुणाची लग्नं जुळवा. पुण्य तरी लागेल."

एकदा रानडुकराने वाघमहाराजांची मांडी फाडली. रक्त भळाभळा गेलं. महाराज डोळे फिरवायला लागले. साळूबाईने सगळ्यांचे थेंब घेतले. जुळलं एकट्या लहानू गाढवाचं.

"गाढवाचं?" राणीसाहेब म्हणाल्या. "आणि उद्या सिंहासनावर बसून ओरडायला लागले म्हणजे?"

मग घुबडजोशी पत्रिका घेऊन आले. महाराजांची पत्रिका त्यांनी मामासाहेबांच्या पत्रिकेशी लावून पाहिली. मामासाहेब म्हणजे महाराजांचे सख्खे मामा, जातिवंत वाघ. गुण भरपूर जुळले. मंगळसुद्धा आडवा आला नाही.

"पण पानावर गुठळ्या झाल्यात," साळूबाई म्हणाली.

"व्हायलाच पाहिजेत," जोशी म्हणाले. "भेटल्याबरोबर कसं घट्ट धरलंय बघा एकमेकाला. याला म्हणतात आपलं माणूस. गाढवाचं बघा, नुसतं वाहतंय. माया म्हणून नाही."

सगळ्यांना पटलं. हसू नका, तुम्हालाही पटलं असतं.

साळूबाईने मनात हिशेब केला. मामांचं रक्त चढवलं तर महाराज जाणार, आणि पाठोपाठ तिची मान. तिने मध्ये पडदा लावून घेतला. पडद्यामागे मामासाहेब सुई बघूनच गार पडले होते.

"तुम्ही नुसतं पडून कण्हा," ती कुजबुजली. "देणारा वेगळा आहे."

"कण्हतो मी छान," मामासाहेब म्हणाले.

मागच्या बाजूने लहानू आला. बोरूची पोकळ नळी लागली. दिवस मावळायच्या आत महाराज उठून बसले. मामासाहेबांना जहागीर मिळाली, जोशांना शाल. लहानूला गवत मिळालं, तेही त्याचं त्यानेच शोधलं.

वर्ष गेलं. आता महाराजांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. साळूबाई म्हणाली, "कुणी आपलं एक दिलं तर मी शिवून बसवते. देणारा उरलेल्या एकावर मजेत जगतो."

सगळा दरबार मामासाहेबांकडे वळला. जुळत तर त्यांचंच होतं. लोक हारसुद्धा घेऊन आले होते.

हार बघून मामासाहेब मटकन खाली बसले. "गाढवाचं होतं ते," ते म्हणाले. "मी नुसता कण्हलो."

राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला. जोशी मात्र डगमगले नाहीत. "लहानू मूळचा वाघच," ते म्हणाले. "आजोबांच्या वेळी अंगावरचे पट्टे धुऊन गेले, एवढंच."

लगेच लहानूच्या पाठीवर काजळाने पट्टे ओढले. खांद्यावर शेला आला. महाराज त्याला क्षीण आवाजात 'भाऊ' म्हणाले, तेव्हा निम्म्या दरबाराला रडू आलं.

साळूबाई सुई घेऊन पुढे झाली. "चल बाबा लहानू. त्यांचा जीव तुझ्या हातात आहे."

"लहानूराव म्हणा," लहानू म्हणाला. "मागच्या वेळी मी परका होतो, बाई. परक्याला नाही म्हणता येत नाही. आता घरचा झालो. घरच्या माणसाकडे असलं काही मागतात का?"

"अरे, महाराज जातील."

"मग रडायला आहे की मी. पुढेच उभा राहीन."

साळूबाई पान घेऊन रानभर दुसरा कुणी शोधत फिरली. तिला सापडायच्या आत महाराज गेले. तेराव्याला झाडून सगळी भावकी आली. लहानूराव पहिल्या पंगतीला बसले आणि रडत रडत मामासाहेबांपेक्षा जास्त लाडू खाऊन उठले.

तात्पर्य: आपण सगळे एकाच रक्ताचे आहोत, हे अगदी खरं आहे. फक्त ते सांगण्याआधी मूत्रपिंड काढून घ्यावं.