सबनीस, विद्यार्थी (प्रथम वर्ष)

आमच्या नोएडाच्या सोसायटीत दारावरच्या पाट्या वाचत जिना चढलात, तर अर्धं भारत सरकार भेटतं. संयुक्त सचिव (निवृत्त), मुख्य अभियंता (निवृत्त), एक कर्नल (निवृत्त). मधेच तिसऱ्या मजल्यावर एक पाटी आहे: 'अ. वि. सबनीस, विद्यार्थी (प्रथम वर्ष)'. या विद्यार्थ्याचं वय एकोणसत्तर.

ती पाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, नातवाची असेल. तेवढ्यात दार उघडून काका बाहेर आले, माझ्या हातातल्या भाजीच्या पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मराठी ना तुम्ही? मग एक सांगा. मेथी फ्रीजमध्ये ठेवली की पिवळी पडते, आणि बाहेर ठेवली की काळी. असं का?" मी म्हटलं, काका, मी मंत्रालयात नोकरी करते, मला मेथीचं काय विचारता. "अच्छा," ते म्हणाले, "नोंद करतो." आणि खरंच खिशातून पेन काढून तळहातावर लिहून घेतलं.

छत्तीस वर्षं काका केंद्र सरकारच्या एका कचेरीत जुन्या फायली सांभाळत होते. निवृत्तीनंतर चार वर्षांनी सुमनकाकू गेल्या. घरात एकटे राहिले आणि मग एक दिवस त्यांनी घरबसल्या शिकवणाऱ्या विद्यापीठात विज्ञानाला नाव घातलं. पाटीवरचं प्रथम वर्ष मात्र काही हलेना. कारण काय, तर पहिल्याच परीक्षेत पाच प्रश्नांपैकी पहिला प्रश्न त्यांना इतका आवडला की तीन तास तोच लिहीत बसले. दुसऱ्या वर्षी म्हणाले, यंदा प्रश्न चांगले नव्हते.

त्यांच्याकडे हिरव्या बांधणीची एक जाड वही आहे. डावीकडे प्रश्नाचा क्रमांक, मग प्रश्न, मग कोणी विचारला, आणि शेवटी शेरा: 'प्रलंबित' किंवा 'निकाली'. स्टीलची बादली आणि प्लॅस्टिकचा मग एकाच बाथरूममध्ये असतात, तरी बादलीच जास्त गार का लागते? निकाली. कबुतरं एसीच्या डब्यामागेच का बसतात? प्रलंबित. चहात बिस्किट बुडवल्यावर ते नेमकं कितव्या सेकंदाला तुटतं? यासाठी त्यांनी माझ्या घरी, माझ्या चहात, माझा ग्लुकोज बिस्किटांचा आख्खा पुडा संपवला. आमचे हे, म्हणजे श्रीकांत, बाजूला बसून घड्याळ बघत होते. नवरा घरातल्या कुठल्या कामाला इतक्या तत्परतेने उठल्याचं मला आठवत नाही.

'कोणी विचारला' या रकान्यात निम्म्याहून जास्त वेळा एकच नाव असतं, मुक्ता. ही काकांची नात. नऊ वर्षांची, पुण्याला असते, दर रविवारी सकाळी फोनवर दिसते आणि आजोबांना प्रश्नांची आठवड्याची कामगिरी सोपवते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला ती इथे आली होती. दुसऱ्याच दिवशी तिला धाप लागली, छातीत घरघर सुरू झाली, दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगा आणि सून तिला घेऊन जे परत गेले, ते पुन्हा आले नाहीत. काका वर्षातून एकदा पुण्याला जाऊन येतात. त्याबद्दल ते फार बोलत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही.

तर गेल्या वर्षी आषाढात काका माझ्या दारात उभे. हातात पोस्टकार्डाएवढे पांढरे कागद आणि व्हॅसलिनची डबी. विद्यापीठाला एक प्रकल्प द्यायचा होता: आपल्या परिसरातली धूळ. कागदाला व्हॅसलिन फासायचं, बाल्कनीत चिकटवायचा, आठवड्याने काढून किती धूळ बसली ते भिंगातून मोजायचं. फार बारीक धूळ यात सापडत नाही हे मला माहीत आहे, असं त्यांनी आपण होऊनच सांगितलं. एक कागद तिसऱ्या मजल्यावर त्यांच्याकडे, रस्त्याच्या बाजूला. एक गच्चीवर. आणि एक नवव्या मजल्यावर आमच्याकडे, मागच्या खोलीच्या बाल्कनीत, कारण ती बाग दिसणारी बाजू. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, "एक वर्ष. एकही आठवडा चुकवायचा नाही, वैशालीताई. साखळी तुटली की संपलं."

विद्यापीठाच्या पुस्तिकेत एक महिना असं छापलेलं होतं, मी स्वतः वाचलं. पण म्हटलं, चलो, म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा. दर सोमवारी सकाळी ऑफिसला निघायच्या आधी जुना कागद डब्यात ठेवायचा, नवा लावायचा, एवढंच तर काम होतं.

पहिलं संकट थंडीत आलं. व्हॅसलिनवर पेन चालत नाही, म्हणून कागदाची वरची बाजू ओळखायला काका प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावत. मागे लिहा की, असं मी सांगून पाहिलं होतं, पण सुमनकाकूंचा करंडा भरलेला आहे, तो वापरला जातो, असं त्यांचं उत्तर. आता विचार करा, बाल्कनीत तेलकट पांढरा कागद, त्यावर कुंकू, आणि दर सोमवारी बदलतात. चौथ्या मजल्यावरच्या चोप्रा आंटींनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला: ये टोटका कौन कर रहा है? दुपारपर्यंत अख्ख्या टॉवरने आपापल्या गेल्या सहा महिन्यांतल्या दुखण्यांचा हिशेब त्या कागदांवर मांडला. कोणाची कंबर, कोणाच्या मुलाचे मार्क. सेक्रेटरींनी सगळे कागद तत्काळ उतरवा म्हणून सांगितलं.

मीटिंगला मला साक्षीदार म्हणून नेलं. टॉवरमधली दुसरी मराठी मीच, म्हणजे या जादूटोण्यातली भागीदारही मीच. मी ऑफिसात भल्याभल्यांना गप्प करते, पण तिथे मागच्या रांगेत जाऊन बसले. काका मात्र शांतपणे उठले, चोप्रा आंटींना भिंग दिलं आणि त्यांच्याच मजल्याखालचा कागद दाखवला. आंटींनी पाच मिनिटं पाहिलं. मग विचारलं, "भाई साहब, ये सब हम अंदर ले रहे हैं?" काका म्हणाले, "बिल्कुल." पुढच्या सोमवारी आंटींनी स्वतःच्या बाल्कनीत कागद लावून घेतला, कुंकवाऐवजी टिकली लावून. साखळी वाचली.

ती तोडली मी.

फेब्रुवारीत आमच्याकडे पाहुणे होते. त्या गडबडीत मागची बाल्कनी धुतली गेली आणि कागद गेला केरात. हे लक्षात आलं सोमवारी सकाळी. काकांना तोंड कसं दाखवायचं? खरं सांगावं की नाही? मेट्रोची वेळ होत होती. तेव्हा जे सुचलं ते केलं. नवा कागद घेतला, व्हॅसलिन फासलं, स्टुलावर चढले आणि कपाटावरच्या धुळीवर तो पालथा घातला. छान करडा झाला. डब्यात ठेवला, डबा काकांच्या दाराशी ठेवला आणि ऑफिसला पळाले. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढून कागद रंगवता येत नसेल तर काय उपयोग, असंही मनात आलं. आता सांगायला लाज वाटते.

संध्याकाळी काका धावतपळत वर आले. डोळे चमकत होते. नवव्या मजल्यावरच्या कागदात सोनेरी आणि हिरवे कण सापडले होते. गच्चीवरच्या कागदात नाहीत, तिसऱ्यावर नाहीत, फक्त इथे. चकचकीत, षटकोनी. "हवेतून येतंय हे," काका म्हणाले. "जवळपास कुठेतरी चमकीचा कारखाना असला पाहिजे."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. कपाटावर काय असतं आमच्या? गणपतीचं मखर. चार वर्षांपूर्वी मी स्वतः त्यावर किलोभर चमकी चिकटवली होती. श्रीकांतने माझ्याकडे पाहिलं आणि वरणात बघू लागला.

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. नाही बोलले. पुढचे तीन दिवस काका नाकाला रुमाल बांधून चमकीचा कारखाना शोधत फिरले. मेट्रोने जायचे, पुढे ई-रिक्षा, आणि एकेका फॅक्टरीच्या फाटकावर जाऊन चौकीदाराला कागद दाखवायचे. एका ठिकाणी त्यांना नोकरीला आलेले समजून फॉर्म भरायला दिला. दुसरीकडे कोणीतरी चहा पाजला. तिसऱ्या दिवशी ते लिफ्टमध्ये भेटले. बूट पांढरे झालेले, आवाज बसलेला. म्हणाले, अजून दोन सेक्टर राहिलेत.

मग मात्र राहवलं नाही. त्यांच्या घरात जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. पाहुणे, बाल्कनी, स्टूल, मखर. ओरडतील, निदान दार दाखवतील, अशी तयारी करून गेले होते. काकांनी फक्त विचारलं,

"म्हणजे नवव्या मजल्यावरच्या हवेत चमकी नाही?"

"नाही काका."

"नक्की?"

"नक्की. सगळी माझ्या कपाटावर आहे."

त्यांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की मीच चक्रावले. बरं झालं, बरं झालं, असं दोनदा म्हणाले. मग वही उघडून त्या आठवड्यावर तांबडी रेघ मारली आणि लिहिलं: 'नमुना नाही.' मी म्हटलं, आधीच्या आणि नंतरच्या आठवड्याची सरासरी टाका की, कोणाला कळणार आहे. त्यांनी मान हलवली. "मला कळेल ना," म्हणाले. चिडून नाही, अगदी सहज. मला ते चिडण्यापेक्षा जास्त लागलं. त्या सोमवारनंतर मी एकही कागद चुकवला नाही, ताप असतानाही लावला.

तरी एक प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. प्रकल्प महिन्याचा होता, तो केव्हाच देऊन झाला होता, त्याचे मार्कही आले होते. मग हा माणूस वर्षभर कशासाठी मोजत होता? आणि चमकी नाही म्हटल्यावर त्याला इतकं हायसं का वाटावं? विचारलं तर म्हणायचे, "प्रलंबित."

यंदाच्या आषाढात वर्ष पूर्ण झालं. शेवटचा कागद मी स्वतः नेऊन दिला. सहा दिवसांनी, रविवारी, काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. बसले नाहीत. एक लिफाफा दिला, सावकाश वाचा म्हणाले आणि जिन्याने निघून गेले. आत फुलस्केप कागदावर, समास सोडून, स्वच्छ अक्षरात अर्ज होता.

'विषय: आपली मागील बाजूची खोली आठ दिवसांकरिता मिळणेबाबत.

महोदया, उपरोक्त विषयान्वये विनंती की, माझी नात चि. मुक्ता हिला धुळीमुळे श्वासाचा त्रास होतो, हे आपणांस ज्ञात आहे. वर्षभराच्या नोंदींनुसार धूळ सर्वांत कमी असण्याचे दिवस हे पावसाळ्याच्या अखेरीस, गणपतीच्या सुमारास येतात. त्या वेळी तिच्या शाळेसही सुटी असते. नोंदी तिच्या डॉक्टरांना दाखविल्या असता त्यांनी औषध सोबत ठेवून येण्यास हरकत नाही असे कळविले आहे. तिन्ही ठिकाणांपैकी आपली मागील खोली सर्वांत योग्य आढळली (एक आठवडा नमुना नाही). माझे स्वतःचे घर रस्त्याच्या बाजूस असल्याने अपात्र आढळले. तरी सदर मुलीस व तिच्या आईस आपल्याकडे राहू देण्याची कृपा व्हावी. नकार दिल्यास गैरसमज होणार नाही.

आपला, अ. वि. सबनीस, विद्यार्थी.'

मी तो अर्ज वाचला, श्रीकांतला दिला आणि आत जाऊन रडले. अपात्र. बावन्न आठवडे एक माणूस दोन्ही घरची धूळ मोजत होता, आणि निकाल स्वतःच्या घराविरुद्ध लागला तर तसा लिहून मोकळा झाला. तिसऱ्या मजल्यावर दोन कागद कमी करड्या रंगाचे दाखवले असते तर कोण विचारायला येणार होतं?

मी समासात लिहिलं, 'मंजूर. अट: अर्जदाराने दोन्ही वेळा जेवायला इथेच यावे.' सही केली, तारीख घातली आणि अर्ज त्यांच्या दाराखालून सरकवला.

लोक गणपतीला दिल्लीहून पुण्याला जातात. पुण्याची माणसं गणपतीला नोएडात आलेली सोसायटीने यंदा पहिल्यांदा पाहिली. मखर मी तिसऱ्या टॉवरमधल्या घोषबाईंना देऊन टाकलं होतं. आमचा गणपती बाहेरच्या खोलीत साध्या पांढऱ्या कापडापुढे बसला, उदबत्तीशिवाय. चोप्रा आंटी दर्शनाला आल्या, त्या बाहेर चपला काढून, पायही धुऊन आत आल्या. मुक्ताने पहिल्याच दिवशी मला विचारलं की मोदकाच्या कळ्या उकडताना उघडत का नाहीत. मी म्हटलं, आजोबांना विचार.

काका रोज सकाळी सातला यायचे. पहिल्या दिवशी बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर ते आत येईनात. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. त्यातून धुतलेला शर्ट काढला, अंगातला काढून पिशवीत कोंबला आणि तिथेच जिन्यात उभं राहून बटणं लावू लागले. तिसऱ्या मजल्यावरची धूळ कपड्याला चिकटून वर येते, असं त्यांचं म्हणणं. आठही दिवस त्यांनी तसंच केलं. मुक्ता आतल्या खोलीतून हाका मारत असायची आणि एकोणसत्तर वर्षांचा विद्यार्थी घाईघाईने बटणं लावत म्हणायचा, "आलो गं, एक मिनिट, आलो."