तीन फुटांचं मत

"पाय आखडू नका, साहेब. झोपताना माणूस आखडून झोपत न्हाय."

हे मी साइट ऑफिसच्या खिडकीतून ऐकलं. बाहेर मोकळ्या जागेत पांढऱ्या फक्कीनं एक घर आखलेलं होतं, अगदी खऱ्या मापाचं. त्याच्या स्वयंपाकघरात विधानसभेचे एक उमेदवार उताणे झोपले होते आणि आमचे मलकप्पा अण्णा त्यांच्या पायांशी टेप धरून उकिडवे बसले होते. उमेदवारांचे पाय ओट्यात गेले होते.

"बघा," अण्णा म्हणाले, "तुमच्या टाचेवर बायकोनं गॅस पेटवला."

उमेदवार उठले. पांढऱ्या सदऱ्यावर फक्की दिसली नाही, पण काळ्या जाकिटावर एक भिंत व्यवस्थित उमटली होती. कार्यकर्ते ती झटकत राहिले.

अण्णा मूळचे मैंदर्गीचे. गवंडी म्हणून सोलापुरात आले, मग कंत्राटदार झाले, आणि आता अक्कलकोट रोडला तीन मजली इमारती बांधतात. मी त्यांच्याकडे परवानगीच्या फाइली ऑनलाइन भरते. मला ते 'मॅडम' म्हणतात, चिडले की 'इंग्लिश मॅडम'. दोन वर्षांत मी त्या ऑफिसात "हो अण्णा" आणि "अपलोड झालं" याखेरीज फारसं काही बोलले नव्हते.

अण्णांच्या खिशात पाकीट नसलं तरी टेप असतो. लग्नाला गेले की आधी स्टेज मोजतात. आजाऱ्याला भेटायला गेले की कॉट. मला पाहायला एक मुलगा येऊन गेला, तर हे दुसऱ्या दिवशी कुणालाही न सांगता त्याच्या घरी चहा पिऊन आले.

"पोरगा बरा असंल," ते म्हणाले. "पण मोरीचं दार आत उघडतंय. रोज बादली अडकणार तुमची."

आम्ही नकार कळवला. कारण वेगळं होतं, पण अण्णांना अजूनही ते दारच वाटतं.

निवडणूक आली की मात्र त्यांना एकच माप सुचतं. पंधरा बाय छत्तीस, म्हणजे अर्धा गुंठा. एमआयडीसीत सायकलीवरून कामाला जाणाऱ्या किती तरी माणसांनी एवढेच प्लॉट घेतलेत. नियमाप्रमाणे दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट सोडायचे. उरले नऊ. भिंती वजा करा, साडेसात. ओटा दोन फूट. राहिले साडेपाच.

"कागदावर बसतंय," अण्णा म्हणतात. "माणूस बसतोय का?"

म्हणून मत मागायला येईल त्याला ते आखलेल्या घरात झोपवतात. पक्ष विचारत नाहीत. गेल्या वेळी तिघांपैकी एकच झोपला. अण्णांनी त्याला मत दिलं, आणि तो हरला. दुसरे बिल्डर उमेदवारांकडे जादा एफएसआय, म्हणजे वाढीव बांधकामाची परवानगी मागतात, मुद्रांक शुल्क कमी करा म्हणतात. ते अण्णांना हसतात.

"त्यांचं मोठं असतंय," अण्णा म्हणतात. "आपलं तीन फुटाचं हाय. सिमेंट महागलं तर गिऱ्हाईक चार महिने थांबतंय की. नियमानं अडवलं तर किती थांबायचं?"

"बिनपरवाना बांधून टाका," कुणीतरी सुचवतंच.

"आन पाडताना मलाच बघायला बोलवा."

अशा एका प्लॉटचा नकाशा, एका बाजूचे तीन फूट न सोडता, मी तीनदा भरला. तिन्ही वेळा परत आला. अर्जदार शिवव्वा. शिवव्वा आमच्या साइटवरच राहतात. अण्णा गवंडी होते तेव्हा त्यांच्या हाताखाली घमेली वाहायच्या. इमारत उभी राहताना पत्र्याच्या खोलीत राहायचं, पुरी झाली की खोली उचलून पुढच्या साइटवर, असं त्यांचं आयुष्य गेलं. आता पुढची साइट अजून ठरलेली नाही.

आमची ही इमारत मागच्या पावसाळ्याआधीच पुरी झाली. फ्लॅटमध्ये लोक राहायला आले. फक्त एका बाजूची कंपाउंड भिंत राहिली. कधी अण्णा म्हणत, विटा ओल्या आहेत. कधी म्हणत, दिशा बघणारा माणूस दुधनीहून यायचाय. मी गवंडी ठरवायचे, ते रद्द करायचे. मला तो त्यांचा आणखी एक विक्षिप्तपणा वाटला. एके दिवशी मी त्यांचाच टेप घेऊन भिंतीची रेषा मोजली. ती शिवव्वांच्या खोलीच्या मधून जात होती.

अण्णांनी मला पाहिलं. "टेप जागेवर ठेवा, मॅडम," एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात दुपारी मी अण्णा आणि शिवव्वांना आखलेल्या घरात पाहिलं. शिवव्वा बुटक्या आहेत. त्या ओट्यापुढे सहज आडव्या झाल्या.

"मल्ल्या, मला पुरतंय की रे," त्या म्हणाल्या. "नियमात हाय तसाच नकाशा भर की."

"तुला पुरतंय. तुझी लेक, जावई?"

"ती कुटं यायलेत माझ्याकडं?"

"येतील की. जागा असली की येतील."

अण्णा वाकून देवाच्या कोपऱ्याची पुसट झालेली रेघ पुन्हा आखत बसले.

आठ दिवसांनी दुसरे उमेदवार आले, ते थेट फ्लॅटवाल्यांच्या पार्किंगमधल्या बैठकीला. लोकांनी रस्त्याचं, पाण्याचं सांगितलं, आणि मग भिंतीचं. जनावरं आत येतात. रात्री कुत्री. "बिल्डर इथंच बसलेत, त्यांनाच विचारा," सेक्रेटरी म्हणाले.

"काय ओ अण्णा," उमेदवार हसत म्हणाले, "एवढे लोक तुमच्यापायी त्रासलेत. कधी व्हायची भिंत?"

"दिशा बघायची हाय," अण्णा म्हणाले.

सगळे हसले. "आज पत्र्याची खोली हलवा, उद्या भिंत होईल," मागून एक आवाज आला. अण्णांनी मान खाली घातली. ऑफिसच्या अंगणात झोपायला सांगणारा हा माणूस इथे एक शब्द बोलेना. शिवव्वांचं नाव घेतलं तर संध्याकाळपर्यंत खोली उचलायला लावतील, हे त्यांना ठाऊक होतं. पण खोलीचा विषय तर आता निघालाच होता. मी मनात वाक्य जुळवत होते. ते नीट जुळायच्या आधीच मी उभी राहिले.

"त्या खोलीत शिवव्वा राहतात. इथल्या सगळ्या घरांचं घमेलं न् घमेलं त्यांनी वाहिलंय. त्यांचा स्वतःचा प्लॉट आहे, पण बाजूच्या तीन फुटांपायी नकाशा तीनदा परत आलाय. साहेब, छोट्या प्लॉटचा तो नियम बदला असं तुम्ही विधानसभेत उभं राहून बोलणार का, ते आत्ता सांगा. आम्हाला मत ठरवायचंय."